पाय दुखतात, म्हणून हृदयाची गोळी बंद?

सरकारी रुग्णालयाच्या मेडिसीन ओपीडीत वरचेवर दिसणारे हे चित्र. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ. सात-आठ महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, सरकारी योजनेतून अँजिओप्लास्टी झालेली, एक स्टेंट बसवलेला. आज ते आले आहेत छातीत जड वाटते म्हणून. केसपेपरवर पाच गोळ्या लिहिलेल्या आहेत. ‘काका, गोळ्या चालू आहेत ना?’ या प्रश्नावर ते नुसती मान हलवतात. शेजारी उभी असलेली मुलगी मात्र सांगून टाकते, ‘नाही हो डॉक्टर, महिना झाला, बंद केल्यात. पाय फार दुखायचे. शेजारी कुणी तरी सांगितलं, कोलेस्टेरॉलच्या गोळीनं पाय जातात.’ कोणती गोळी बंद केली, असे विचारल्यावर उत्तर येते, ‘त्यातली कोलेस्टेरॉलची कोणती ते कळेना, म्हणून सगळ्याच.’

या शेवटच्या तीन शब्दांत मोठा धोका आहे. त्या पाच गोळ्यांपैकी दोन रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या असतात. स्टेंट बसवल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत त्या अचानक बंद केल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो, आणि तो अनेकदा पहिल्यापेक्षा घातक असतो. पायाच्या दुखण्याशी या दोन गोळ्यांचा सहसा काही संबंध नसतो. म्हणजे ज्या तक्रारीवर बहुतेक वेळा साधा उपाय होता, तिच्यासाठी जिवाची जोखीम घेतली गेली. तीही कोणाला न सांगता.

पाय दुखण्याची तक्रार खोटी नसते. हृदयाच्या काही औषधांनी पाय दुखू शकतात, सुजू शकतात, गार पडू शकतात, पायात गोळे येऊ शकतात. हे रुग्णाला आधीच सांगितले पाहिजे आणि त्याने तक्रार केली तर ती ऐकली पाहिजे. पण गोळी परस्पर बंद करणे हा त्यावरचा उपाय नाही. दुखणे कसले, ते कोणत्या गोळीमुळे की भलत्याच कारणाने, हे शोधले तर जवळपास प्रत्येकासाठी मार्ग निघतो.

गोळ्या अनेक, तक्रार एक

रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या माणसाच्या डब्यात साधारणपणे चार-पाच प्रकारची औषधे असतात. कोलेस्टेरॉल कमी करणारी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल. हृदयाची गती आवरणारी मेटोप्रोलोल किंवा बिसोप्रोलोल. रक्त पातळ ठेवणारी म्हणून ओळखली जाणारी अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. शिवाय काहींना लघवीवाटे पाणी काढणारी फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड.

पायाची तक्रार मात्र एकाच शब्दात सांगितली जाते: ‘पाय दुखतात.’ त्या एका शब्दाआड पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. मांड्या आणि पोटऱ्या ठणकणे वेगळे. संध्याकाळी घोट्याभोवती सूज येऊन चपलेचा पट्टा रुतणे वेगळे. मध्यरात्री पोटरीत गोळा येऊन ओरडत उठणे वेगळे. तळपायाची आग होणे, मुंग्या येणे वेगळे. चालल्यावर पोटरी भरून येणे आणि थांबल्यावर बरे वाटणे तर अगदीच वेगळे. यांतल्या प्रत्येकाचे कारण निराळे आणि उपायही निराळा. म्हणून निदानाची सुरुवात रक्ताच्या तपासणीने होत नाही. ‘काय होते, कुठे होते, कधी होते,’ या तीन प्रश्नांनी होते.

कोलेस्टेरॉलची गोळी आणि स्नायू

सर्वाधिक बदनाम झाले आहे ते स्टॅटिन. या औषधाचा जन्म एका बुरशीतून झाला. जपानमधील शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी हजारो बुरशी तपासल्यानंतर १९७३ मध्ये पेनिसिलियम जातीच्या एका बुरशीत कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारा पदार्थ शोधला. पहिले स्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. ही गोळी केवळ रिपोर्टमधला आकडा कमी करते की खरोखर जीव वाचवते, याचे ठोस उत्तर १९९४ मध्ये मिळाले. स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवर झालेल्या चाचणीत सुमारे साडेपाच वर्षांत बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपैकी २५६, तर सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी १८२ रुग्ण दगावले. दोन्ही गटांत रुग्ण जवळपास सारखेच होते. फरक होता तो गोळीचा.

आता दुसरी बाजू. स्टॅटिन स्नायूंना त्रास देऊ शकते, हे निर्विवाद आहे. हा त्रास बहुधा गोळी सुरू केल्यावर किंवा तिचे प्रमाण वाढवल्यावर काही आठवड्यांत जाणवू लागतो. तो सहसा दोन्ही बाजूंना असतो आणि मांड्या, नितंब, पोटऱ्या, खांदे अशा मोठ्या स्नायूंमध्ये असतो. गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत तो ओसरतो. एकच गुडघा दुखणे, सांधा सुजणे, मुंग्या येणे किंवा कमरेपासून एका पायात कळ उतरत जाणे ही लक्षणे स्टॅटिनकडे बोट दाखवत नाहीत. त्यांचे मूळ सांध्यात, मज्जातंतूंत किंवा मणक्यात शोधावे लागते.

सगळ्यांना हा धोका सारखा नसतो. वय खूप जास्त, अंगकाठी किरकोळ, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार, थायरॉइडची कमतरता, दारूचे व्यसन असेल तर तो वाढतो. काही औषधे एकत्र आली तरी वाढतो. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक किंवा बुरशीवरचे इट्राकोनॅझोल यांमुळे काही स्टॅटिनचे रक्तातले प्रमाण कितीतरी वाढू शकते. खोकल्यासाठी किंवा गजकर्णासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेला रुग्ण ‘मी कोलेस्टेरॉलची गोळी घेतो’ हे सांगत नाही आणि आठवडाभरात पाय धरतात, असे घडू शकते. रोसुव्हास्टॅटिनचे रक्तातले प्रमाण आशियाई लोकांमध्ये युरोपीय लोकांपेक्षा जास्त राहते. त्यामुळे किरकोळ बांध्याच्या वृद्धेला पहिल्याच दिवशी मोठी मात्रा देताना दोनदा विचार करायला हवा.

गंभीर इजा क्वचित होते. दहा हजार रुग्णांनी पाच वर्षे परिणामकारक मात्रेत स्टॅटिन घेतले, तर साधारण पाच जणांच्या स्नायूंना खरी इजा होते. पन्नास ते शंभर जणांना गोळीमुळे दुखणे वगैरे त्रास होतो. त्याच दहा हजारांना आधीपासून हृदयविकार असेल, तर सुमारे एक हजार जणांचा झटका, पक्षाघात किंवा पुन्हा अँजिओप्लास्टी-बायपास करण्याची वेळ टळते. तराजूची दोन्ही पारडी रुग्णाला दिसली पाहिजेत. त्याला बहुधा एकच दाखवले जाते: डॉक्टर फायदा सांगतात आणि मोबाइलवरचा संदेश तोटा.

दुखणे खरे, कारण वेगळे

स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी कितीतरी अधिक लोक पाय दुखण्याची तक्रार करतात, मग हा आकडा एवढा लहान कसा? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात याचे उत्तर मिळते. त्यात १९ चाचण्यांतील सुमारे १ लाख २४ हजार लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के लोकांनी स्नायू दुखण्याची किंवा अशक्तपणाची तक्रार केली. बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपैकी तशीच तक्रार करणारे होते २६.६ टक्के. याचा अर्थ सरळ आहे. पन्नाशी-साठीनंतर दर चौघांतल्या एकाचे स्नायू दुखतातच, गोळी असो वा नसो. स्टॅटिन घेताना दुखणाऱ्या स्नायूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा कारण स्टॅटिन नसते. जो थोडा जादा त्रास गोळीमुळे होता, तो मुख्यतः पहिल्या वर्षात दिसला.

ब्रिटनमधील आणखी एक छोटी चाचणी तर अधिक बोलकी आहे. त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडून दिलेले ६० लोक तिच्यासाठी निवडले होते. त्यांना वर्षभर दर महिन्याला एक बाटली दिली गेली. चार बाटल्यांत स्टॅटिन, चारांत दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी आणि चार रिकाम्या. त्रासाला त्यांनी रोज शंभरपैकी गुण द्यायचे होते. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८ गुण आले, बिनऔषधी गोळीच्या महिन्यांत १५.४ आणि स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. म्हणजे त्रास वाढला तो गोळी घेतल्याने, पण गोळीतल्या औषधाचा त्यात वाटा अगदी थोडा होता. ‘ही गोळी त्रास देते’ हे मनात पक्के बसले की शरीर प्रत्येक कळ त्या गोळीच्या खात्यावर मांडू लागते. स्वतःचे आकडे पाहिल्यावर त्यांच्यातल्या निम्म्या लोकांनी पुन्हा स्टॅटिन सुरू केले.

या निष्कर्षाचा गैरवापरही होऊ शकतो. ‘काही नाही, मनाचे खेळ आहेत,’ असे म्हणून रुग्णाची बोळवण करायला तो फार सोयीचा आहे. पण या प्रयोगातल्या लोकांचे दुखणे खोटे नव्हते. त्यांचे पाय खरेच दुखत होते, फक्त कारण त्यांना वाटत होते ते नव्हते. शिवाय थोड्या लोकांना स्टॅटिनचा खराखुरा त्रास होतो, हेही तेवढेच खरे. समोर बसलेला रुग्ण कोणत्या गटातला, हे त्याचे ऐकून घेतल्याशिवाय आणि तपासल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही.

भीती किती दूर पोहोचते, हे डेन्मार्कमध्ये दिसले आहे. तिथे स्टॅटिन घेणाऱ्या पावणेसात लाखांच्या आसपास लोकांचा अभ्यास झाला. या औषधाविषयी नकारात्मक बातम्या आल्या की गोळी लवकर सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढते आणि अशी लवकर गोळी सोडणाऱ्यांत पुढे झटका व हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण जास्त असते, असे त्यात आढळले. आपल्याकडे तर बातमीचीही गरज नसते. व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक पुढे ढकललेला संदेश पुरतो.

सूज कशाची?

रक्तदाबासाठी सर्वत्र दिली जाणारी अ‍ॅम्लोडिपिन ही पाय सुजण्याचे फार नेहमीचे कारण आहे. औषधाच्या चाचण्यांत ५ मिलिग्रॅम घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे तिघांना, तर १० मिलिग्रॅम घेणाऱ्या शंभरांपैकी अकरा जणांना सूज आली. बायकांमध्ये ती पुरुषांपेक्षा अधिक दिसते. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्यांना ती जास्त जाणवते, संध्याकाळी वाढते आणि रात्री झोपल्यावर उतरते.

ही सूज हृदय किंवा मूत्रपिंड बिघडल्याची नसते. गोळीमुळे बारीक धमन्या सैल होतात, पण नीला तेवढ्या सैल होत नाहीत. त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि रक्तातले पाणी घोट्याभोवतीच्या पेशींमध्ये झिरपते. म्हणूनच लघवीची गोळी दिली तरी ही सूज फारशी उतरत नाही. तरीही अनेकांना तशी गोळी सुरू केली जाते. मग पोटॅशियम कमी होते, पायात गोळे येऊ लागतात, गोळ्यांसाठी आणखी एक गोळी येते. एका गोळीचा त्रास दुसरीने झाकण्याची ही साखळी सुरुवातीलाच तोडता येते. अ‍ॅम्लोडिपिनची मात्रा कमी करणे, सोबत टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल देणे, किंवा सिल्निडिपिनसारखे कमी सूज आणणारे औषध देणे हे डॉक्टरांच्या हातातले सोपे उपाय आहेत.

पण प्रत्येक सूज अ‍ॅम्लोडिपिनची नसते. सुजेसोबत दम लागत असेल, रात्री उशा वाढवून झोपावे लागत असेल, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले असेल, तर हृदयाची ताकद कमी पडते आहे असा संशय घ्यावा आणि ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. बायपास झालेल्यांच्या ज्या पायातून शीर काढलेली असते, तो एक पाय कित्येक महिने थोडा सुजतो. ते अपेक्षित असते. मात्र एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, गरम लागू लागली तर खोल शिरेत गुठळी झाल्याची शक्यता असते. अशा पायाला तेल लावून चोळू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

रात्री पोटरीत येणाऱ्या गोळ्यांचे कारण कधी लघवीच्या गोळीमुळे कमी झालेले पोटॅशियम, मॅग्नेशियम किंवा सोडियम असते. रक्ताच्या साध्या तपासणीत ते कळते. गोळा आला की गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे हाताने आपल्याकडे ओढावीत. तो सहसा सुटतो. ‘पोटॅशियम कमी असेल’ असा परस्पर अंदाज बांधून रोज शहाळे पिणे मात्र सर्वांना मानवत नाही. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांत, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असेल तर, पोटॅशियम आधीच चढलेले असू शकते आणि ते आणखी वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. मेटोप्रोलोलसारख्या गोळ्यांनी काहींचे पाय गार पडतात, चालताना थकवा येतो. तेही सांगावे. पण ही गोळीही एकाएकी बंद करू नये. छातीतले दुखणे आणि रक्तदाब उसळी मारतो.

पायच आजारी असेल तर

एक विसंगती इथे मुद्दाम सांगायला हवी. ठरावीक अंतर चालले की पोटरी भरून येते, दोन मिनिटे उभे राहिले की बरे वाटते आणि पुन्हा तेवढेच चालले की पुन्हा तेच. हे पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते. तंबाखू, विडी-सिगारेट आणि मधुमेह यांच्या जोडीने हा आजार येतो. ज्या चरबीने हृदयाची धमनी अरुंद केली, तीच पायातही साचलेली असते. त्यावर लागणाऱ्या औषधांत स्टॅटिन अग्रक्रमाने येते. म्हणजे पाय दुखतात म्हणून गोळी सोडणारा माणूस कधी कधी त्या पायाचेच औषध सोडत असतो.

मधुमेहाने मज्जातंतू बिघडले की तळपायाची आग होते. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने किंवा आहारात दूध-मांसाहार फारच कमी असल्याने जीवनसत्त्व बी-१२ कमी पडले, तरी मुंग्या येतात. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते आणि तिच्यानेही स्नायू दुखतात. थायरॉइड मंदावले तर स्नायू दुखतात आणि कोलेस्टेरॉलही वाढते. ते ओळखले नाही, तर कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन दिले जाते आणि दुखण्याचा दोषही त्याच्यावरच येतो. यांपैकी बहुतेक गोष्टी साध्या तपासण्यांनी कळतात आणि स्वस्तात बऱ्या होतात.

रुग्णाने काय करावे

पहिली गोष्ट, आपल्या डब्यातली प्रत्येक गोळी कशासाठी आहे हे विचारून घ्यावे आणि पाकिटावर मराठीत लिहून ठेवावे: ‘कोलेस्टेरॉल’, ‘रक्तदाब’, ‘स्टेंटसाठी, बंद करायची नाही’. घरात ज्याला वाचता येते त्याने हे दहा मिनिटांत करावे. ‘कोणती ते कळेना, म्हणून सगळ्याच’ ही वेळ त्याने टळेल.

दुसरी, दुखणे सुरू झाले की तारीख लिहावी. त्याआधी कोणती नवी गोळी सुरू झाली, कोणती वाढवली, दुसऱ्या डॉक्टरांनी काही दिले का, नव्याने व्यायाम किंवा शेतीचे जड काम सुरू केले का, हेही लिहावे. ही चार ओळींची नोंद डॉक्टरांना पाचशे रुपयांच्या तपासणीपेक्षा अधिक सांगते.

तिसरी, मेडिकलमधून परस्पर दुखण्याची गोळी आणू नये. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एटोरिकॉक्सिब यांसारख्या वेदनाशामकांनी रक्तदाब चढतो, अंगात पाणी साचते, मूत्रपिंडावर ताण येतो आणि अ‍ॅस्पिरिनसोबत घेतल्यास पोटात रक्तस्राव होऊ शकतो. अगदीच गरज पडली तर पॅरासिटामॉल त्या मानाने सुरक्षित. सांधेदुखीवरच्या निनावी पुड्या तर हृदयरुग्णाने हातातही घेऊ नयेत. त्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते.

‘गोळी बंद करू नका’ या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. स्नायू असह्य दुखत असतील, खुर्चीतून उठणे किंवा जिना चढणे जमत नसेल, किंवा लघवी कोऱ्या चहासारखी गडद होत असेल, तर स्टॅटिनची गोळी थांबवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे. स्नायू विरघळून त्यांतले द्रव्य मूत्रपिंडात अडकत असल्याची ती खूण असू शकते. तेव्हाही थांबवायची ती स्टॅटिनची गोळी, स्टेंटची नव्हे.

विचारायचे डॉक्टरांनी

एवढे सगळे रुग्णावर टाकून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात. रक्तदाब पाहिला, गोळ्या पुढे लिहिल्या, पुढचा रुग्ण. त्या घाईत पाय दुखतात हे सांगायला रुग्ण कचरतो. सांगितलेच तर ‘वयाने होते’ असे ऐकतो. गोळी बंद केली हे कबूल केले तर रागावतात, हा अनुभव असतो. मग तो पुढच्या वेळी नुसती मान हलवतो. ओपीडीतल्या त्या गृहस्थांनीही तेच केले होते. रागावणारा डॉक्टर आणि खोटे बोलणारा रुग्ण ही जोडी हृदयाला सर्वात महाग पडते.

यावरचा उपाय खर्चिक नाही. प्रश्न बदलायचा. ‘गोळ्या चालू आहेत ना?’ असे विचारले की उत्तर ‘हो’ हेच येते. ‘गेल्या आठवड्यात कितीदा गोळी राहिली? कोणत्या गोळीचा त्रास होतो असं वाटतं?’ असे विचारले की खरे कळते. हा प्रश्न डॉक्टरांनाच विचारावा लागेल असेही नाही. रक्तदाब मोजणारी परिचारिका, औषधे देणारा फार्मासिस्ट, घरी येणाऱ्या आशाताई विचारू शकतात. त्याची नोंद केसपेपरवर झाली की पुढच्या डॉक्टरला ती दिसते.

त्रास खरा निघाला तरी मार्ग संपत नाही. रक्तातले स्नायूंचे सीपीके नावाचे विकर तपासता येते. ते फार वाढलेले नसेल तर दोन ते चार आठवडे स्टॅटिन थांबवून पाहता येते, मग कमी मात्रेत पुन्हा सुरू करता येते, दुसरे स्टॅटिन देता येते, रोसुव्हास्टॅटिन एक दिवसाआड देता येते. असे केल्यावर बहुसंख्य लोकांना कोणते तरी स्टॅटिन कोणत्या तरी मात्रेत सोसते. ज्यांना अजिबातच सोसत नाही, त्यांच्यासाठी इझेटिमाइब आहे, बेम्पेडोइक अ‍ॅसिड आहे. स्टॅटिन न सोसणाऱ्या सुमारे १४ हजार लोकांवरच्या २०२३ मधील चाचणीत बेम्पेडोइक अ‍ॅसिडने हृदयविकाराच्या मोठ्या घटना १३ टक्क्यांनी कमी केल्या. महागडी इंजेक्शनेही आहेत. ज्याला अजून हृदयविकार झालेला नाही आणि केवळ रिपोर्ट पाहून गोळी सुरू केली आहे, त्याच्या बाबतीत तर गोळी खरोखर हवी का, हा प्रश्नही मोकळेपणाने चर्चेला घेता येतो. झटका येऊन गेलेल्याच्या बाबतीत ती सूट नाही.

अडचण येते ती औषधांच्या खिडकीशी. सरकारी रुग्णालयात एकच स्टॅटिन, एकाच मात्रेत मिळत असेल तर डॉक्टरने कागदावर लिहिलेला बदल रुग्णाच्या खिशावर येतो आणि रुग्ण पुन्हा तीच जुनी गोळी घेतो किंवा काहीच घेत नाही. अ‍ॅटोरव्हास्टॅटिनच्या लहान-मोठ्या मात्रा, रोसुव्हास्टॅटिन आणि इझेटिमाइब ही सगळी जेनेरिक औषधे आहेत. ती जिल्हा रुग्णालयाच्या खिडकीवर कायम असावीत, ही मागणी अवाजवी नाही. सरकारी योजनेतून स्टेंट बसवायला मोठी रक्कम मोजली जाते. तो स्टेंट सांभाळणारी गोळी सुटणार नाही याची काळजीही त्याच योजनेचा भाग मानायला हवी.

औषधाचा दुष्परिणाम झाला तर तो कळवण्याची व्यवस्थाही देशात आहे. औषध दक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक रुग्णांसाठीही खुला आहे. तो किती जणांना ठाऊक आहे? ओपीडीच्या भिंतीवर ‘शांतता राखा’च्या शेजारी हा क्रमांक रंगवायला फारसा खर्च येणार नाही.

सुरुवातीच्या त्या गृहस्थांसारख्यांची गोष्ट तपासणीनंतर अनेकदा अशी पुढे जाते. ड जीवनसत्त्व फार कमी निघते, स्टॅटिनची मात्रा अर्ध्यावर आणली जाते, अ‍ॅम्लोडिपिन बदलली जाते आणि दीड-दोन महिन्यांत माणूस पुन्हा चालू लागतो. पण हे तेव्हाच होते, जेव्हा तो दुसऱ्या झटक्याच्या आधी ओपीडीत पोहोचतो आणि तिथे कोणी तरी त्याला पायांविषयी विचारते. पाय दुखत असतील तर ते पाय आधी डॉक्टरकडे वळले पाहिजेत. आणि तिथे ‘वयाने होते’ एवढेच उत्तर मिळता कामा नये.